देणगी कुठे जाते? परळमधील कर्करोग संशोधनाची हकिकत

शाळेत वर्षातून एकदोनदा तरी कोणत्या ना कोणत्या संस्थेची मदतीची तिकिटे येतात. मुले ती शेजारीपाजारी खपवतात, सुटे पैसे शिक्षकांच्या टेबलावर मोजले जातात आणि पाकीट रवाना होते. आमच्या एका शिक्षकमित्राच्या वर्गात कर्करोगाच्या मदतनिधीची अशीच मोजणी चालली होती. आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, या पैशांचे पुढे काय होते? औषध येते की शोध लागतो?" मित्राला उत्तर सुचले नाही. त्याने तो प्रश्न आमच्याकडे पाठवला, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना तरी हे ठाऊक असेल, अशी त्याची समजूत. आम्हांलाही एका वाक्यात उत्तर देता आले नाही. जे देता आले ते थोडे लांबलचक आहे आणि ते बहुतेक सगळे परळमध्ये घडलेले आहे.

परळ स्टेशनातून पूर्वेला उतरून चालू लागले की थोड्याच अंतरात तीन संस्था लागतात. केईएम रुग्णालय, हाफकिन संस्था आणि टाटा स्मारक रुग्णालय. चहूकडे एके काळी गिरण्यांची धुराडी होती. यांपैकी केईएम आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. महाविद्यालयासाठी पैसा दिला तो गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी, पण एका अटीवर. शिकवणारे सगळे अध्यापक भारतीय असले पाहिजेत. त्या काळी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरच्या जागा बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांकडे जात, हे लक्षात घेतले की या अटीचे महत्त्व कळते. लंडनहून विकृतिशास्त्रातील एम.डी. होऊन आलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर या महाविद्यालयात प्राध्यापक झाले. आपल्या गोष्टीत ते पुढे येणार आहेत. देणगीबरोबर आलेली अट कधीकधी देणगीपेक्षा मोलाची ठरते, हे येथे नोंदवून ठेवू.

आता हिऱ्याकडे वळू. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफाँटेन खाणीत सापडलेल्या एका मोठ्या खड्यापासून 'ज्युबिली' हा हिरा घडवण्यात आला. त्याचे वजन २४५.३५ कॅरट. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा हे वजन सुमारे ४९ ग्रॅम होते. आजचा कोहिनूर १०५.६ कॅरटचा आहे, म्हणजे ज्युबिली त्याच्या दुपटीहून मोठा. सर दोराबजी टाटा यांनी तो पत्नी मेहेरबाई यांच्यासाठी विकत घेतला. १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायच्या बेतात आला, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. तीत हा हिराही होता. कारखाना तरला आणि हिरा सुटला.

मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला आणि १८ जून १९३१ रोजी वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. वय एक्कावन्न. पतिपत्नींना मूलबाळ नव्हते. पुढच्या वर्षी दोराबजींनी दोन विश्वस्त निधी स्थापन केले. एक पत्नीच्या नावाचा, लेडी टाटा स्मारक निधी. तो मुख्यत्वे रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी होता आणि संशोधक कोणत्याही देशाचा असला तरी चालणार होता. दुसरा स्वतःच्या नावाचा. त्यात त्यांनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती घातली, सुमारे एक कोटी रुपयांची. त्यानंतर तीन महिन्यांतच, ३ जून १९३२ रोजी, पत्नीच्या समाधीच्या दर्शनाला निघाले असता वाटेत जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला. हिरा १९३७ मध्ये विकला गेला आणि त्याची रक्कम या दुसऱ्या निधीत जमा झाली.

या दोन निधींमधला फरक मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. दुसऱ्या निधीतून वास्तू उभ्या राहिल्या. १९३६ साली नागपाड्यात समाजकार्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. पहिल्या निधीतून मात्र डोळ्यांना दिसेल असे काहीच उभे राहिले नाही. त्यातून माणसांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. देणगीदाराच्या नावाची फरशी संशोधकाच्या कपाळावर बसवता येत नाही, आणि त्यामुळेच की काय, संशोधनाला देणारे हात नेहमीच कमी असतात.

रुग्णालय उघडले तेव्हा त्यात ८० खाटा होत्या आणि वर्षाचा खर्च पाच लाख रुपये होता. त्या काळात कर्करोगावर तीनच उपाय होते: शस्त्रक्रिया, क्ष-किरण आणि रेडियम. रेडियम किती महाग होते याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. खुद्द रेडियमचा शोध लावणाऱ्या मारी क्यूरी यांना प्रयोगासाठी ते पुरेसे मिळत नव्हते. १९२१ साली अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी काढून सुमारे एक लाख डॉलर जमवले आणि त्यांना रेडियम भेट दिले. किती? एक ग्रॅम.

परळच्या खाटांवर रुग्ण येऊ लागले आणि प्रयोगशाळांचे प्रमुख झाले डॉ. खानोलकर. त्यांनी जे केले ते वरवर पाहता अगदी साधे होते. आलेल्या प्रत्येक रुग्णाची नीट नोंद ठेवली: गाव कोणते, जात-धर्म कोणता, धंदा काय, तंबाखू चघळतो की ओढतो, आणि गाठ नेमकी कुठे. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा एका अमेरिकन संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी सूर्याबाई या सहकारी महिलेबरोबर त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. भारतीयांच्या सवयींशी निगडित असे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात वर्णिले आहेत. आंध्रात काही लोक चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढतात, त्यांच्या टाळूला होणारा. बिहारात खालच्या ओठामागे खैनी धरून ठेवतात, तिथे होणारा. आणि धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट कसल्यामुळे त्या जागेच्या कातडीवर होणारा. हा तिसरा प्रकार परदेशी वाचकांना समजावताना धोतर म्हणजे काय येथपासून सुरुवात करावी लागली असेल!

यात दानाचा संबंध कुठे आला? तो असा, की हे हजार रुग्ण एका छताखाली आले ते देणगीच्या खाटांमुळे. एकट्या डॉक्टराच्या दवाखान्यात असे रुग्ण जन्मात दहापाच येतात आणि त्यातून नियम निघत नाही. कर्करोग हा एक रोग नसून अनेक रोगांचा समूह आहे. तो कोणाला होतो आणि कोणाला होत नाही, हे कळायला मोठी संख्या लागते. रुग्णसेवा आणि संशोधन हे दोन निरनिराळे खर्च आहेत असे हिशेबाच्या वहीत दिसते. परळमध्ये ते सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेले होते.

पण खाटा उभ्या करणे वेगळे आणि त्या चालवणे वेगळे. खर्च वाढत गेला, रुग्ण वाढत गेले आणि एका विश्वस्त निधीच्या आवाक्याबाहेर हे काम जाऊ लागले. कोणत्याही मोठ्या देणगीचे पंधरा-वीस वर्षांनी हेच होते, असे आमचे निरीक्षण आहे. इमारतीला दाता मिळतो, पण सतराव्या वर्षीच्या पगाराला मिळत नाही. १९५२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खानोलकरांच्या नेतृत्वाखाली शेजारीच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले. १९५७ मध्ये रुग्णालयही सरकारकडे गेले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र करण्यात आले. रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे कसे, असे विद्यार्थी हमखास विचारतात. किरणोपचार हे त्याचे उत्तर आहे. त्या वेळी या विभागाचे प्रमुख डॉ. होमी भाभा होते आणि मेहेरबाई त्यांच्या सख्ख्या आत्या होत्या, हेही सांगायला हरकत नाही.

त्या संशोधन केंद्रात पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या एक बाई होत्या, डॉ. कमल रणदिवे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. मग रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती घेऊन त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकायला गेल्या. म्हणजे शरीरातील पेशी काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवण्याचे तंत्र. परत येऊन त्यांनी परळमध्ये देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. तेलाच्या धंद्यातून जमलेल्या अमेरिकन संपत्तीचे दान परळच्या काचपात्रात असे उतरले. या गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून 'हेला' नावाच्या पेशी वाढवल्या गेल्या. आज जगभरच्या प्रयोगशाळा त्या वापरतात. मात्र त्या स्त्रीला कोणी विचारले नव्हते. देणगीदारांच्या याद्यांत तिचे नाव कुठेच नाही, आणि ज्याने संमती दिली नाही त्याला देणगीदार म्हणावे का, हाही प्रश्नच आहे.

आता मुलीच्या प्रश्नाचा अवघड भाग: पैशाने शोध लागतो का? जून १९३१ मध्ये, म्हणजे मेहेरबाई वारल्या त्याच महिन्यात, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध छापून आला. लेखिका होत्या डॉ. ल्यूसी विल्स. या इंग्रज बाई मुंबईतील गरीब गरोदर स्त्रियांना होणाऱ्या एका घातक रक्तक्षयाचा अभ्यास करायला आल्या होत्या आणि हाफकिन संस्थेत काम करत होत्या. पावावर लावून खातात त्या यीस्टच्या स्वस्त अर्काने, मार्माइटने, या बायका बऱ्या होतात असे त्यांना आढळले. अर्कात नेमके काय आहे हे कळायला पुढे दहा-पंधरा वर्षे लागली. ते फॉलिक आम्ल होते. नव्या पेशी तयार होताना डीएनए घडवण्यासाठी ते लागते.

मग बोस्टनमधील सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना फॉलिक आम्लाची संयुगे देऊन पाहिली. रोग उलट वाढल्यासारखा दिसला. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला: फॉलिक आम्लाचा मार्ग अडवला तर? तसे अडवणारे रेणू अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने तयार केले होते. १९४८ मध्ये फार्बर यांनी लिहिले की, १६ मुलांपैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण याआधी औषधाने अशी सुधारणा झालेली नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत नभोवाणीवर एका आजारी मुलाचा आवाज ऐकवण्यात आला. 'जिमी' हे त्याचे टोपणनाव. लोकांनी नाणी पाठवली, शाळकरी मुलांनी पाठवली, आणि दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली. फार्बर यांच्या पुढच्या संशोधनाचा पाया या पैशाने घातला.

मेहेरबाईंच्या आजारावरील पहिल्या औषधाचा धागा अशा रीतीने त्यांच्या स्मारकापासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्याच रोगाच्या शोधात सुरू झाला होता. तिथे त्या वेळी कोणी कर्करोगासाठी पैसा दिलेला नव्हता. तेव्हा आमच्या मित्राला आम्ही लिहिले की, "शोध लागतो, पण ज्या प्रश्नासाठी पैसे दिले त्याच प्रश्नाचा लागेल, आणि दात्याच्या हयातीत लागेल, अशी हमी कोणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका."

काही कामे अशीही असतात की ती कोणाच्याच डोळ्यांत भरत नाहीत. १९५१ साली डॉ. दारा जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी ही स्वयंसेवी संस्था काढली. १९६३ मध्ये तिने मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली कर्करोग नोंदणी. तिचे कर्मचारी रुग्णालये, शुश्रूषागृहे आणि मृत्युनोंदींची दप्तरे धुंडाळतात आणि मुंबईच्या रहिवाशाला झालेल्या प्रत्येक कर्करोगाची नोंद घेतात, एकच रुग्ण दोनदा मोजला जाणार नाही याची काळजी घेऊन. रुग्णालयातील हजार रुग्णांवरून 'आलेल्यांत' प्रमाण किती हे कळते, शहरात किती ते कळत नाही. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे, यांसारख्या गोष्टी अशा नोंदींवरून पक्क्या झाल्या. कारकुनाचा पगार आणि कपाटभर कार्डे यांसाठी देणगी मागून पाहा, म्हणजे हे काम किती अवघड होते ते कळेल. १९८० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि मुंबईची नोंदणी त्यात सामील झाली.

एवढे झाल्यावर वाटेल की मोठे खर्च सरकारने उचलले, मग तिकिटांच्या पैशांचे काम संपले. संपले नाही, आणि त्याचे कारण शास्त्रीय आहे.

मुलांच्या रक्ताच्या सर्वांत सामान्य कर्करोगात निदानाच्या वेळी शरीरात साधारण १०^१२, म्हणजे एक लाख कोटी, दुष्ट पेशी असतात. पहिल्या काही आठवड्यांच्या औषधाने त्यांतील हजारांत ९९९ मेल्या असे धरू. मूल हसूखेळू लागते, सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसते. उरल्या किती? १०^९, म्हणजे शंभर कोटी. वर्गात हे गणित फळ्यावर करून दाखवावे. म्हणून उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. गडचिरोलीचा किंवा बिहारचा बाप मूल बरे दिसते म्हणून, किंवा हातातले पैसे संपले म्हणून, गावी परतला तर शंभर कोटी पेशी वाढायला मोकळ्या होतात. शिवाय ही औषधे झपाट्याने विभागणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालतात, त्यांत अस्थिमज्जाही आली. औषधानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत साधा ताप जिवावर बेततो. आम्ही संशोधक विद्यार्थी असताना परळच्या पदपथावर प्लास्टिकच्या कागदाखाली, उशाशी रिपोर्टांची पिशवी ठेवून झोपलेली कुटुंबे रोज पाहत होतो. तेव्हा आम्हांला तो गरिबीचा प्रश्न वाटे. तो पांढऱ्या पेशींचाही प्रश्न आहे, हे कळायला आम्हांला बरीच वर्षे लागली. स्वच्छ खोली आणि उकळलेले पाणी हा त्या उपचाराचा भागच आहे.

हा भाग मुंबईत प्रामुख्याने देणग्यांवर चालतो. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. परळमध्ये १९६८ पासून नाना पालकर स्मृती समिती रुग्णांच्या राहण्याची सोय पाहते. जीवनज्योत ही संस्था १९८३ पासून रुग्णांना जेवण आणि औषधे पुरवते. २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड इंडिया या संस्थेने लहान मुलांसाठी घरे काढली, कॉटन ग्रीनला त्यांचा मोठा परिसर आहे. तिथे प्रत्येक कुटुंब आपापला स्वयंपाक करते. कागदावर ही बारीकशी गोष्ट, पण मुलाच्या पोटात घरचे अन्न जाते आणि आईचे हात कामात राहतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून महाराष्ट्रातील पात्र रुग्णांच्या उपचाराचा खर्च भागतो, पण मुंबईतले भाडे आणि बापाची बुडालेली मजुरी यांचे काय? जेव्हा राहणे, जेवणे आणि विचारपूस यांची व्यवस्था होते तेव्हा उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण घटते, असा टाटा रुग्णालयाच्या बालविभागाचाही अनुभव आहे. आणि उपचार अर्धवट सुटला की संशोधनही अर्धवट सुटते. कोणते औषध चांगले हे ठरवायला पाच वर्षांनी तो मुलगा कुठे आहे हे कळावे लागते.

शेवटी एक असे प्रकरण, ज्याने आम्हांलाही विचारात पाडले. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. १९६० मध्ये त्याची पहिली खूण सापडली, १९७३ मध्ये अदलाबदल उलगडली आणि २००१ मध्ये त्या बिघाडावर नेमका बोट ठेवणारा इमॅटिनिब हा रेणू अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक गोळ्यांचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा आठ ते दहा हजार. गोळी रोज घ्यावी लागते, वर्षानुवर्षे. नोव्हार्टिसने रेणूच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितले. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १९६९ साली स्थापन झालेली, महालक्ष्मीला कार्यालय असलेली आणि देणग्यांवर चालणारी ही संस्था. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील नामंजूर केले.

गंमत अशी की, कंपनी याच काळात हजारो भारतीय रुग्णांना ते औषध फुकट देत होती. मग संस्थेने भांडावे का? आमच्या मते भांडावे. फुकट मिळणारी गोळी देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दुकानात परवडणाऱ्या भावाने मिळणारी गोळी तशी नसते. देणगीचा पैसा औषध विकत घेण्यावर खर्च होतो तेव्हा एक रुग्ण तरतो. वकिलावर खर्च झाला तेव्हा औषधाचा भावच वर चढू शकला नाही. अर्थात, महिन्याला आठ हजार हीही लालबागच्या चाळीतल्या घराला लहान रक्कम नव्हती, म्हणून तिकिटे चालूच राहिली.

हे सगळे आम्ही मित्राला लिहून कळवले आणि त्याने ते वर्गात सांगितले. गणिताचा भाग मुलांना आवडला म्हणे. त्या मुलीचा पुढचा प्रश्न मात्र हिऱ्याबद्दल होता: तो आता कुणाकडे आहे? तो पॅरिसमार्गे रॉबेर मुआवाद या लेबनीज जवाहिऱ्याच्या संग्रहात गेला, असे आम्ही उलट टपाली कळवले.